ऐक्याचे सरकार, दोन सत्ताकेंद्रे

श्रीलंकेत २०१५ मध्ये सत्तेवर आलेले राष्ट्रीय ऐक्याचे सरकार हा दक्षिण आशियातील अलीकडच्या काळातील एक मोठा राजकीय प्रयोग होता. स्वातंत्र्यानंतर आलटूनपालटून राज्य करणारे आणि एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले दोन पक्ष, युनायटेड नॅशनल पार्टी अर्थात यूएनपी आणि श्रीलंका फ्रीडम पार्टी, लेखी करार करून एकाच मंत्रिमंडळात बसले. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, पंतप्रधान दुसऱ्याचा आणि विरोधी पक्षनेतेपदी तमिळ नेता, असे दृश्य त्या वेळी जगाने कौतुकाने पाहिले. चार वर्षांच्या आतच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्याच राष्ट्राध्यक्षांनी त्याच पंतप्रधानांना पदावरून दूर केले आणि ज्यांना हटवण्यासाठी ही आघाडी जन्माला आली होती, त्या महिंदा राजपक्षे यांनाच पंतप्रधानपदाची शपथ दिली. हे असे का घडले, याचे उत्तर केवळ मैत्रीपाल सिरिसेना आणि रनिल विक्रमसिंघे या दोन व्यक्तींच्या बेबनावात शोधणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. कोणाला घालवायचे हे या सरकारचे ठरले होते. सत्ता मिळाल्यावर कशाची जबाबदारी कोणाची, हे मात्र अखेरपर्यंत ठरले नाही.

विरोधातून जन्मलेली आघाडी

तमिळ वाघांचा २००९ मध्ये लष्करी पराभव केल्यानंतर राजपक्षे यांची लोकप्रियता शिखरावर होती. २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींची मर्यादा उठवली, स्वायत्त आयोगांवरील नियुक्त्या आपल्या हाती घेतल्या आणि राज्यकारभारातील मोक्याच्या जागा भावांकडे सोपवल्या. तिसऱ्या मुदतीसाठी त्यांनी निवडणूक वेळेआधी जाहीर केली, तेव्हा विरोधकांकडे त्यांना टक्कर देऊ शकेल असा चेहरा नव्हता. तो चेहरा राजपक्षे यांच्याच मंत्रिमंडळातून निघाला. आरोग्यमंत्री आणि फ्रीडम पार्टीचे सरचिटणीस सिरिसेना यांनी २१ नोव्हेंबर २०१४ रोजी बंडाची घोषणा केली. आदल्या रात्री ते राजपक्षे यांच्यासोबत अप्पम खाऊन उठले होते, हा किस्सा श्रीलंकेच्या राजकारणात म्हणीसारखा रूढ झाला आहे.

या बंडाची जुळवाजुळव माजी राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंगा, विक्रमसिंघे आणि भिक्षू मादुलुवावे सोभित थेरो यांनी केली होती. सोभित थेरो यांची मागणी एकच होती. १९७८ पासून चालत आलेले सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करून संसदीय पद्धती आणावी. ८ जानेवारी २०१५ च्या निवडणुकीत सिरिसेना यांना ५१.२८ टक्के आणि राजपक्षे यांना ४७.५८ टक्के मते पडली. उत्तर आणि पूर्वेकडील तमिळ व मुस्लिम मतदारांनी सिरिसेना यांच्या पारड्यात भरभरून मते टाकली. सिंहलीबहुल ग्रामीण दक्षिण भागात मात्र राजपक्षे यांचा पाया ढळला नव्हता. पुढे जे घडले त्याचे बीज या आकड्यांत होते; पण विजयाच्या आनंदात त्याकडे दुर्लक्ष झाले.

दुसऱ्याच दिवशी विक्रमसिंघे पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाचे तेव्हाच्या संसदेत बहुमत तर नव्हतेच, तो सर्वांत मोठा पक्षही नव्हता. काही दिवसांतच सिरिसेना फ्रीडम पार्टीचे अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या पक्षातून ते बाहेर पडले होते आणि ज्याच्या उमेदवाराला त्यांनी पाडले होते, त्याच पक्षाचे ते प्रमुख बनले. या पक्षातील बहुसंख्य कार्यकर्त्यांची निष्ठा राजपक्षे यांच्यावर होती. एका पक्षाच्या मतांवर निवडून आलेला आणि दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष असलेला राष्ट्राध्यक्ष, ही विसंगती या सरकारच्या बारशालाच हजर होती.

अर्धी घटनादुरुस्ती

२८ एप्रिल २०१५ रोजी संसदेने एकोणिसावी घटनादुरुस्ती संमत केली. २२५ जणांच्या सभागृहात २१२ सदस्यांनी बाजूने आणि केवळ एकाने विरोधात मत दिले. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहावरून पाच वर्षांवर आली, दोन मुदतींची मर्यादा परत आली, घटनात्मक परिषद आणि स्वायत्त आयोग पुन्हा उभे राहिले. संसद निवडून आल्यापासून साडेचार वर्षांच्या आत, दोन-तृतीयांश सदस्यांनी ठराव केल्याशिवाय, राष्ट्राध्यक्षाला ती विसर्जित करता येणार नाही अशी तरतूद झाली. पंतप्रधानाला मनाला येईल तेव्हा काढून टाकण्याचा राष्ट्राध्यक्षाचा स्पष्ट अधिकारही गेला. स्वतःच्या अधिकारांना स्वतःच कात्री लावणारा सत्ताधीश आशियात विरळाच. त्याबद्दल सिरिसेना यांना श्रेय द्यावेच लागेल.

तथापि ही सुधारणा अर्धवट राहिली. मूळ मसुद्यात मंत्रिमंडळाचे नेतृत्व पंतप्रधानाकडे सोपवणारी कलमे होती. त्यांना सार्वमताची आवश्यकता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ती वगळण्यात आली. परिणामी राष्ट्राध्यक्ष हाच मंत्रिमंडळाचा प्रमुख राहिला. पण त्याला पंतप्रधानाला हटवता येईना. पंतप्रधानाकडे संसदेतील बहुमत होते. पण संरक्षण खाते आणि मंत्रिमंडळाचे अध्यक्षपद नव्हते. एका म्यानात दोन तलवारी ठेवण्याची ही व्यवस्था दोघांतील परस्परविश्वासावरच चालू शकत होती, आणि त्याची हमी कोणतेही कलम देऊ शकत नाही.

हा धोका अनोळखी नव्हता. २००१ ते २००४ या काळात कुमारतुंगा राष्ट्राध्यक्षा आणि विक्रमसिंघे पंतप्रधान होते. नोव्हेंबर २००३ मध्ये पंतप्रधान अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कुमारतुंगा यांनी संरक्षण, गृह आणि माध्यमे ही तीन खाती स्वतःकडे घेतली आणि काही महिन्यांतच संसद विसर्जित केली. बारा वर्षांनंतर याच दोघांनी नवी आघाडी बांधली, तेव्हा तो अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरीही दोन सत्ताकेंद्रांत तंटा झाल्यास तो कसा सोडवायचा, याची कोणतीही यंत्रणा त्यांनी उभी केली नाही.

‘राष्ट्रीय’ या शब्दाची किंमत

१७ ऑगस्ट २०१५ च्या संसदीय निवडणुकीत यूएनपीप्रणीत आघाडीला १०६, फ्रीडम पार्टीप्रणीत आघाडीला ९५, तमिळ नॅशनल अलायन्सला १६ आणि जनता विमुक्ती पेरामुनाला ६ जागा मिळाल्या. या प्रचारात विलक्षण प्रकार घडला. राष्ट्राध्यक्ष ज्या आघाडीचे नेते, तिच्या प्रचाराचा चेहरा पराभूत राजपक्षे हे होते. आघाडी जिंकली तरी राजपक्षे यांना पंतप्रधान करणार नाही, असे सिरिसेना यांनी जाहीर केले आणि मतदानाच्या तोंडावर स्वतःच्याच पक्षाच्या सरचिटणिसाला हटवले. निकालानंतर दोन्ही पक्षांत दोन वर्षांचा करार झाला आणि राष्ट्रीय सरकार स्थापन झाले.

या करारामागे उदात्त हेतू होता, हे नाकारता येणार नाही. नवी राज्यघटना आणि तमिळ प्रश्नाचा तोडगा यांसाठी दोन-तृतीयांश बहुमत लागते. एक पक्ष तोडगा काढतो आणि दुसरा सिंहली भावना भडकावून तो हाणून पाडतो, हे चक्र श्रीलंकेने अनेक दशके अनुभवले होते. दोन्ही पक्ष एकत्र आले तर ते थांबेल, हा विचार योग्यच होता. प्रत्यक्षात मात्र ‘राष्ट्रीय’ या शब्दाला फार लवकर दुसरा अर्थ चिकटला.

एकोणिसाव्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या ३० वर मर्यादित केली होती. परंतु सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पक्षाने इतर पक्षांसह ‘राष्ट्रीय सरकार’ बनवल्यास संसदेला ही मर्यादा वाढवता येईल, अशी पळवाटही त्याच दुरुस्तीत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये संसदेने तिचा वापर करून ४८ मंत्री आणि ४५ राज्यमंत्री व उपमंत्र्यांना मान्यता दिली. निवडणुकीत मतदारांनी नाकारलेले काही नेते राष्ट्रीय यादीतून संसदेत आले आणि मंत्रीही झाले. राजपक्षे यांच्या अवाढव्य मंत्रिमंडळावर टीका करून निवडून आलेल्या सरकारला ही सुरुवात शोभणारी नव्हती. या तरतुदीचे पुढे काय झाले हेही बोलके आहे. २०१८ मध्ये फ्रीडम पार्टी बाहेर पडल्यावर मंत्र्यांची संख्या पुन्हा ३० वर आली. तेव्हा, फेब्रुवारी २०१९ मध्ये, स्वतंत्रपणे लढून एकच जागा जिंकलेल्या श्रीलंका मुस्लिम काँग्रेसला जोडीला घेऊन पुन्हा ‘राष्ट्रीय सरकार’ बनवण्याचा प्रस्ताव यूएनपीने पुढे आणला. तो तडीस गेला नाही. पण कोणे एके काळी राष्ट्रीय सलोख्याचे प्रतीक असलेला शब्द मंत्रिपदांच्या हिशेबापुरता उरला होता.

दोन मोठे पक्ष सत्तेत बसल्याचा आणखी एक परिणाम झाला. १६ सदस्यांच्या तमिळ नॅशनल अलायन्सचे नेते आर. संपंथन विरोधी पक्षनेते झाले. १९८३ नंतर प्रथमच हे पद तमिळ नेत्याकडे आले, ही निश्चितच अभिमानाची बाब होती. पण हा पक्ष घटनेच्या प्रश्नावर सरकारचा सहकारी होता. फ्रीडम पार्टीच्या आघाडीतील सुमारे पन्नास सदस्य राजपक्षे यांच्यामागे ‘संयुक्त विरोधी गट’ म्हणून बसत होते. महागाई, वाढीव कर, शेतकऱ्यांच्या अडचणी यांबद्दलचा सारा असंतोष साहजिकच या गटाकडे वळला. सर्वांना सामावून घेणाऱ्या सरकारने विरोधाची संपूर्ण जागा ज्याला हटवले त्याच्यासाठी मोकळी सोडली.

रोखे गैरव्यवहाराची सावली

सरकारच्या नैतिक अधिष्ठानाला पहिला तडा फार लवकर गेला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी मध्यवर्ती बँकेने तीस वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा लिलाव केला. जाहीर केलेली रक्कम एक अब्ज रुपयांची होती. प्रत्यक्षात सुमारे दहा अब्ज रुपयांच्या बोली चढ्या व्याजदराने स्वीकारल्या गेल्या. त्याचा मोठा लाभ बँकेचे गव्हर्नर अर्जुन महेंद्रन यांच्या जावयाशी संबंधित कंपनीला झाला, असा आरोप झाला. महेंद्रन ही विक्रमसिंघे यांची निवड होती. संसदीय समितीत यूएनपीच्या काही सदस्यांनी अहवालाला मवाळ करणाऱ्या तळटिपा जोडल्या आणि ‘तळटीप गट’ हे बिरूद मिळवले. अखेर जानेवारी २०१७ मध्ये सिरिसेना यांनी चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे आलेल्या साक्षीपुराव्यांनंतर रवी करुणानायके यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला.

भ्रष्टाचाराची चौकशी व्हायलाच हवी होती. पण येथे सरकारच्या रचनेतील दोष उघडा पडला. एरवी सरकारवर ठपका आला की तो संपूर्ण मंत्रिमंडळाचा असतो. येथे आयोग नेमणारा राष्ट्राध्यक्ष स्वतःला स्वच्छ ठरवत होता आणि ठपका भागीदाराच्या माथी जात होता. यूएनपीच्या गोटातून त्याला उत्तर दिले जाई ते राजपक्षे यांच्या काळातील प्रकरणांच्या संथ तपासाचे खापर राष्ट्राध्यक्षांवर फोडून. परस्परांच्या चुका लोकांसमोर मांडणे हेच दोन्ही पक्षांचे राजकारण होऊन बसले.

२०१८ उजाडेपर्यंत हा विसंवाद रोजच्या कारभारात दिसू लागला. महिलांना मद्यखरेदी करण्यावर १९७९ पासून असलेली बंदी अर्थमंत्री मंगला समरवीरा यांनी जानेवारीत उठवली आणि राष्ट्राध्यक्षांनी काही दिवसांतच जाहीर सभेत तो निर्णय फिरवण्यास सांगितले. आर्थिक निर्णयांसाठी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली काम करणारी मंत्रिमंडळ समिती मोडीत निघाली. एकच मुदत भूषवणार असे सांगून आलेल्या सिरिसेना यांनी, आपली मुदत पाच वर्षांची की सहा वर्षांची, अशी विचारणा सर्वोच्च न्यायालयाकडे केली. पाच, असे उत्तर न्यायालयाने दिले. पुढची निवडणूक कोण लढवणार, या प्रश्नाने तोवर आघाडीतील दुसरे सर्व प्रश्न झाकोळून टाकले होते.

तमिळांच्या पदरी काय पडले?

या साठमारीत सर्वाधिक गमावले ते उत्तर आणि पूर्वेकडील जनतेने. आरंभी चित्र आशादायी होते. ४ फेब्रुवारी २०१६ च्या स्वातंत्र्यदिन सोहळ्यात राष्ट्रगीत तमिळमधूनही गायले गेले. लष्कराच्या ताब्यातील काही जमिनी परत मिळाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतील ऑक्टोबर २०१५ च्या ठरावाला श्रीलंका सहप्रस्तावक झाली आणि युद्धकाळातील अत्याचारांच्या चौकशीचे आश्वासन दिले गेले. मार्च २०१६ मध्ये संसदेचे रूपांतर घटना परिषदेत करण्याचा ठराव झाला.

त्यानंतर प्रत्येक पाऊल अडखळत पडले. परदेशी न्यायाधीशांचा सहभाग सिरिसेना यांनी २०१६ मध्येच जाहीरपणे नाकारला. बेपत्ता व्यक्तींविषयीच्या कार्यालयाचा कायदा ऑगस्ट २०१६ मध्ये झाला. त्याचे सदस्य नेमायला फेब्रुवारी २०१८ उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, किलिनोच्ची येथे बेपत्तांच्या नातेवाइकांनी, मुख्यतः मातांनी, रस्त्याकडेला बेमुदत धरणे धरले. मुलाचे छायाचित्र हाती घेऊन बसलेल्या त्या मातांना राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यातील अधिकारांच्या वादाशी काहीही कर्तव्य नव्हते. दाद मागायची कोणाकडे, हा त्यांचा प्रश्न होता आणि ज्या सरकारला दोन तोंडे होती, त्याच्याकडे त्याचे एकही स्पष्ट उत्तर नव्हते.

घटनेचा अंतरिम अहवाल सप्टेंबर २०१७ मध्ये आला, तेव्हा दोन-तृतीयांश बहुमताची बेरीज कागदावर शक्य होती. परंतु फ्रीडम पार्टीला सिंहली मते राजपक्षे यांच्याकडे जाण्याची धास्ती होती आणि यूएनपीला एकट्याने जोखीम पत्करायची नव्हती. अहवाल तसाच राहिला. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून निर्माण झालेल्या प्रांतिक परिषदांची गत तर याहून वाईट झाली. त्यांच्या निवडणुकीची पद्धत बदलणारा कायदा याच सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये केला. त्यासाठीचा मतदारसंघ पुनर्रचनेचा अहवाल पुढच्या वर्षी संसदेने फेटाळला, आणि जुनी पद्धत गेली, नवी आली नाही, अशा अवस्थेत परिषदांच्या मुदती एकामागून एक संपल्या. सत्तेच्या विकेंद्रीकरणाचे वचन देऊन आलेल्या सरकारच्या काळात असलेले विकेंद्रीकरणही गोठले. भारताच्या दृष्टीने या सरकारच्या अपयशाचा हा सर्वांत टोचणारा भाग आहे.

एकावन्न दिवसांचे बंड

लोकांचा कौल १० फेब्रुवारी २०१८ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत उघड झाला. राजपक्षे यांच्यामागे उभा राहिलेला आणि कमळाची कळी हे चिन्ह असलेला श्रीलंका पोदुजन पेरामुना हा नवा पक्ष सुमारे ४० टक्के मते घेऊन ३४० पैकी २३१ संस्थांत आघाडीवर राहिला. यूएनपी सुमारे २९ टक्क्यांवर थांबली आणि राष्ट्राध्यक्षांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. एप्रिलमध्ये विक्रमसिंघे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १२२ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळला गेला. पण सरकारमध्ये असूनही ठरावाच्या बाजूने मत देणारे फ्रीडम पार्टीचे १६ सदस्य बाहेर पडले. त्या दिवशीच ऐक्याचे सरकार वस्तुतः संपले होते. ते उरले होते ते पुढील पाऊल कोणी आधी टाकायचे या प्रतीक्षेत.

ते पाऊल २६ ऑक्टोबर २०१८ च्या सायंकाळी सिरिसेना यांनी टाकले. त्यांच्या आघाडीने पाठिंबा काढून घेतला आणि काही वेळातच राजपक्षे यांचा शपथविधी झाला. राष्ट्रीय सरकार संपले म्हणजे मंत्रिमंडळ संपले आणि पर्यायाने पंतप्रधानपदही रिक्त झाले, असा युक्तिवाद करण्यात आला. आपल्या हत्येच्या कटाची दखल घेतली गेली नाही, हेही कारण राष्ट्राध्यक्षांनी पुढे केले. संसद तहकूब झाली. राजपक्षे यांच्यासाठी बहुमत जमत नाही असे दिसताच ९ नोव्हेंबर रोजी ती विसर्जितच करण्यात आली. सभापती करू जयसूर्या यांनी मात्र नमते घेतले नाही. सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाला स्थगिती दिल्यावर भरलेल्या सभागृहात राजपक्षे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव संमत झाला. सदस्यांनी मिरचीपूड फेकण्यापर्यंत मजल गेली. १२ डिसेंबर रोजी ११७ सदस्यांनी विक्रमसिंघे यांच्यावर विश्वास व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने संसदेचे विसर्जन घटनाबाह्य ठरवले. राजपक्षे यांनी राजीनामा दिला आणि १६ डिसेंबर रोजी विक्रमसिंघे यांनी पुन्हा शपथ घेतली.

या प्रसंगाची एक बाजू आवर्जून नोंदवायला हवी. न्यायालयाने ज्या तरतुदीच्या आधारे राष्ट्राध्यक्षांना रोखले, ती साडेचार वर्षांची तरतूद याच सरकारने एकोणिसाव्या दुरुस्तीत घातली होती. ऐक्याचे सरकार ऐक्य टिकवू शकले नाही. पण त्याने उभारलेला कायदा त्याच्या संस्थापकाच्याच हाताला धरू शकला. रस्त्यावर रणगाडे आले नाहीत, निकाल मानला गेला. म्हणूनच हा प्रयोग संपूर्ण फसला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माहिती अधिकाराचा कायदाही याच सरकारची देणगी आहे.

किंमत कोणी मोजली?

न्यायालयाने दोघांना पुन्हा एका चौकटीत आणून बसवले. पण त्यांना परस्परांशी बोलायला लावणे कोणत्याही न्यायालयाच्या आवाक्यातले नव्हते. राष्ट्राध्यक्षांनी संरक्षण खात्याबरोबर पोलिसांचे नियंत्रणही स्वतःकडे ठेवले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांना पंतप्रधानांना बोलावले जाईना. या भांडणाचा हिशेब २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी झाला. कोलंबो, निगोंबो आणि बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये आणि राजधानीतील बड्या हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक लोक प्राणास मुकले. संभाव्य हल्ल्याची सूचना भारतीय गुप्तचरांकडून ४ एप्रिल रोजीच श्रीलंकेच्या गुप्तचर विभागाकडे पोहोचली होती. ती पंतप्रधानांपर्यंत गेली नाही, आणि आपल्यालाही कोणी सांगितले नाही, असे राष्ट्राध्यक्षांचे म्हणणे पडले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिरिसेना यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दहा कोटी रुपयांची भरपाई स्वतःच्या खिशातून देण्याचा आदेश दिला.

मतदारांनी आपला हिशेब त्याआधीच चुकता केला होता. भेदरलेल्या देशाला खंबीर नेता हवा होता आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे ५२.२५ टक्के मतांनी निवडून आले. वर्षभरातच विसाव्या घटनादुरुस्तीने एकोणिसाव्या दुरुस्तीतील बहुतेक तरतुदी पुसून टाकल्या. अंकुशाविना चाललेला तो कारभार २०२२ मध्ये आर्थिक दिवाळखोरीत आणि राष्ट्राध्यक्षांच्या पलायनात संपला. त्या संकटात गोटाबाया यांनीही सर्व पक्षांना ऐक्याच्या सरकारचे निमंत्रण दिले होते. प्रमुख विरोधी पक्षांनी ते तात्काळ धुडकावले. त्यांना त्या शब्दाचा अर्थ आता माहीत होता. त्यानंतर राजपक्षे यांच्याच पक्षाच्या मतांवर विक्रमसिंघे राष्ट्राध्यक्ष झाले, हा काळाचा न्याय विचित्र खरा. २०२४ मध्ये मतदारांनी या साऱ्यांनाच बाजूला सारून अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केले आणि त्यांच्या आघाडीला संसदेत १५९ जागा दिल्या. २०१५ मध्ये अवघ्या ६ जागा मिळवणारा जनता विमुक्ती पेरामुना या आघाडीचा कणा आहे.

संकटाच्या वेळी ‘सर्वांनी एकत्र यावे’ ही हाक स्वाभाविक असते आणि ती प्रत्येक लोकशाहीत केव्हा ना केव्हा उठते. श्रीलंकेचा अनुभव त्या हाकेला खोटे ठरवत नाही. मात्र तो काही अटी पुढे करतो. एकत्र येणाऱ्या पक्षांनी कामाची यादी आणि मुदत आधी ठरवावी. मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा, हे कागदावर यावे. पुढच्या निवडणुकीचा उमेदवार ठरवण्याआधी आघाडीने आपले मुख्य काम उरकावे. आणि विरोधाची बाके खऱ्या विरोधकांसाठी मोकळी असली, तरी ती एकाच माणसाच्या हवाली होऊ नयेत. यांपैकी एकही अट सिरिसेना-विक्रमसिंघे सरकारने पाळली नाही.

दोन-तृतीयांश बहुमत, जगाची सहानुभूती आणि तमिळ नेतृत्वाचे सहकार्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाती येण्याचा योग श्रीलंकेच्या इतिहासात क्वचितच आला असेल. २०१५ मध्ये तो आला होता. तो वाया गेल्याची भरपाई न्यायालयाच्या कोणत्याही आदेशाने होणारी नाही. किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला बसलेल्या मातांपैकी कित्येक जणी उत्तर न मिळताच हे जग सोडून गेल्या आहेत.